जिर्गलानच्या आठ सायकली

जिर्गलान, १२ मार्च

तिलेक बाळा,

परवा फोनवर तू काय बोललास ते मला काही कळलं नाही. खाणीनं माझे दोन्ही कान नेले, समोर ओरडून बोललं तरच कळतं, हे तुला माहीत आहे, तरी तू फोनच करतोस आणि मी इकडून नुसतं 'हो हो' म्हणत राहतो. त्या 'हो हो'त मी काय काय कबूल करून बसलो असेन देव जाणे. तेव्हा इथून पुढे जे असेल ते कागदावर लिही आणि काराकोलच्या गाडीवाल्या जोलदोशकडे दे. तो उशीर करतो, पण हरवत काही नाही.

आता कामाचं. मला आठ सायकली हव्यात. डोंगरातल्या, जाड चाकांच्या. हसू नकोस, मी बसणार नाही. एर्मेकसाठी हव्यात. उन्हाळ्यात परदेशी पाहुणे येतात, घोड्यावर बसतात आणि दुसऱ्या दिवशी लंगडत परत जातात. एर्मेक म्हणतो, निम्मे जण सायकल आहे का विचारतात. तो त्यांना खिंडीवर नेईल आणि वरून सायकलीनं खाली आणेल. दुरुस्ती तो काराकोलला शिकून आलाय.

खरी गोष्ट वेगळीच आहे, ती तुलाच सांगतो. मॉस्कोहून त्याच्या मित्राचे सारखे फोन येतात. दोघी मुली आपापल्या घरी गेल्या. धाकट्यानं बापाच्या चुलीशी राहायचं ही आपली रीत, पण खाण बंद पडलेल्या गावात राहून करू काय, असं तो विचारतो. शेवटी मी त्याला शब्द दिला. म्हटलं, मे संपेपर्यंत थांब. सायकली आल्या तर राहा, नाही आल्या तर मी दारात आडवा येणार नाही. आता माझी सगळी भिस्त तुझ्यावर.

दोन घोड्या विकल्या. पैसे जोलदोशकडे दिलेत. सायकल ग्राफेल कंपनीचीच हवी असं एर्मेकनं बजावलंय. मी म्हटलं, सगळ्या सायकलींना चाकं दोनच असतात. सगळ्या घोड्यांना पाय चारच असतात असं म्हणणाऱ्याकडे मी जसा बघतो, तसा त्यानं माझ्याकडे बघितलं.

तुझ्या मामीनं आठ ताईत पाठवलेत. कातड्याचे, तिकोनी, आत रानातला धूप घालून शिवलेले. तुझ्या दुकानात सायकली उतरल्या की लगेच सीटखाली बांध. इकडे पोचायच्या आधीच वाटेत नजर लागते म्हणते.

तुझा मामा,
असानकुल


बिश्केक, २७ मार्च

मामा, सलाम. मामीला वाकून सलाम.

पैसे आणि ताईत दोन्ही पोचले. ऑर्डर त्याच दिवशी टाकली.

माझं दुकान तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगतो. एक खोली, मागे गोदाम, आणि बाकी सगळा धंदा मोबाइलमध्ये. लोक फोटो बघतात, दुसऱ्याच्या दुकानातला भाव बघतात, चार दिवस छळतात आणि मग म्हणतात, 'आज मिळेल का?' आज कुठून मिळेल? ग्राफेलचं नाव जर्मन, चौकट तैवानची, जोडणी चीनमध्ये. तिथून कंटेनर निघतो, खिंड ओलांडतो, मग आमच्यासारखे छोटे ऑनलाइन विक्रेते दारात वाट बघत उभे. गंमत सांगू? त्याच कारखान्यात दुसऱ्या नावाची सायकल बनते. रंग वेगळा, किंमत अर्धी. पण एर्मेकचं बरोबर आहे. पाहुणा आधी नाव वाचतो, मग सायकल बघतो.

एप्रिलच्या शेवटी माल येईल. पहिल्या उतरतील त्या आठ तुमच्या. आई गेल्यावर माझे सगळे उन्हाळे तुमच्या घरात गेले मामा, तुमच्या ऑर्डरला मी ऑर्डर म्हणत नाही. एर्मेकला सांगा, मॉस्कोचा विषय डोक्यातून काढ.

तुमचा,
तिलेक


जिर्गलान, ६ मे

तिलेक बाळा,

एप्रिल गेला. तू लिहिलं नाहीस, म्हणजे माल वाटेत असणार असं मी धरून चाललोय.

इथे काय झालं ते ऐक. खिंडीवरून खाली येणारी पायवाट मेंढ्यांसाठी ठीक होती, सायकलीसाठी नाही. मी एकट्यानंच फावडं घेऊन सुरुवात केली होती. एर्मेक मला ओरडला, कमरेचं काय होईल म्हणाला. दुसऱ्या दिवशी बघतो तर अख्खं गाव अशारच्या श्रमदानाला हजर! कोणाला बोलावलं नव्हतं, पण घरटी एक माणूस आला. जे माझ्याबरोबर खाणीत होते ते सगळे. खोदायचं म्हटल्यावर म्हाताऱ्यांना पुन्हा तरतरी आली. दगड फोडले, वळणं काढली, ओढ्यावर दोन फळ्या टाकल्या. एवढं हसणं मी गावात कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, म्हणजे बघितलं नव्हतं.

शेवटी मेंढा कापला. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या कालिक आक्साकालांनी हात पसरून दुआ दिली. 'आलेल्या सायकली सुखरूप राहोत, बसणारे सुखरूप राहोत, ज्यानं आणल्या त्याचं भलं होवो,' असं म्हणाले. सायकली अजून यायच्यात हे कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, तर म्हणाले, 'असानकुलच्या भाच्यानं शब्द दिलाय ना? मग आल्याच.' सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. म्हणजे तुझं नाव आता दुआत आहे. घाबरलास ना? घाबर जरा.

एर्मेकनं अंगणात आठ सायकली टेकवायला लाकडी दांडी उभी केलीय. रोज संध्याकाळी ती हलवून बघतो.

कधी येतात तेवढं नीट कळव.

तुझा मामा,
असानकुल


बिश्केक, १४ मे

मामा, सलाम.

माफ करा, उत्तराला उशीर झाला. माल सीमेपलीकडे अडकलाय. खिंडीत ट्रकांची मोठी रांग आहे, त्यात बर्फ उशिरा वितळला. सगळ्याच विक्रेत्यांचे हेच हाल आहेत. मी रोज विचारतो, रोज 'उद्या' म्हणतात. मे संपायच्या आत किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात नक्की. मी स्वतः जातीनं लक्ष घालतोय.

अशारचं वाचून फार बरं वाटलं. आक्साकालांना माझा सलाम सांगा. एर्मेकला म्हणावं, थोडं थांब. अगदी थोडं.

दुकानात गर्दी आहे म्हणून इथेच थांबतो. मामीची आठवण येते.

तिलेक


जिर्गलान, १५ जून

तिलेक,

गेल्या आठवड्यात कारकिराच्या बाजूनं, सीमेपलीकडच्या अल्मातीचे आठ जण आले. चांगली माणसं, जवान, हसतमुख. घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस प्यायले आणि तोंड वाकडं न करता दुसरा वाडगा मागितला. त्यांना आमची नवीन वाट इतकी आवडली, की दोनदा वर जाऊन दोनदा खाली आले. आपल्या वाटेवर पहिली चाकं त्यांची फिरली.

सायकली ग्राफेलच्या होत्या. नव्याकोऱ्या. एका मुलीच्या चाकातली हवा गेली म्हणून एर्मेकनं सायकल अंगणात उलटी केली. मग तो बराच वेळ उठलाच नाही. मी विचारलं, काय रे? त्यानं फक्त सरकून मला जागा करून दिली.

तुझी मामी तळलेल्या बोर्सोकची परात घेऊन येत होती. तिनं सीटखाली बघितलं. आपल्या हातचा टाका माणूस ओळखतोच. तिनं परात पाहुण्यांसमोर ठेवली, त्यांना वाढलं, आणि घरात गेली.

एर्मेकनं चाक नीट करून दिलं. पैसे घेतले नाहीत.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. एर्मेक बरा आहे.

असानकुल


बिश्केक, २० जून

मामा,

सलाम लिहायचं तोंड मला राहिलेलं नाही. तुमचं पत्र वाचून मी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. तुम्ही एकही प्रश्न विचारला नाहीत. विचारला असतात तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं.

खरं सांगतो. सीमेवर काही अडकलं नव्हतं. तुमच्या आठही सायकली पाच मेला माझ्या गोदामात उतरल्या. त्याच संध्याकाळी मी मामीचे ताईत बांधले. स्वतःच्या हातानं, एकेक करून. मनात म्हटलं, परवा जोलदोशच्या गाडीवर चढवू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्मातीच्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा निरोप आला. त्यांच्या गिऱ्हाइकांना आठ ग्राफेल तातडीनं हव्या होत्या, सगळीकडे माल संपला होता. आज दिल्या तर इथून पुढे किर्गिझस्तानात आमचा माल तुमच्याच नावावर विकू, म्हणाले. या नावासाठी मी तीन हिवाळे त्यांच्या मागे लागलो होतो. दुसरा कंटेनर पंधरा दिवसांत येणार असं मला सांगितलं होतं. मी हिशोब केला. गिऱ्हाईक थांबत नाही, मामा थांबेल. हेच शब्द माझ्या मनात आले, मामा. तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही.

ताईत सोडायला मी कात्री घेतली होती. पण एर्मेकच्या नावानं घातलेली गाठ कापली तर त्याचं काही वाईट होईल अशी भीती वाटली. म्हणून तसेच जाऊ दिले. सायकली विकायची लाज वाटली नाही आणि गाठ कापायची भीती वाटली, असा हा तुमचा भाचा.

अशारचं पत्र मला गाडी अल्मातीला गेल्यानंतर मिळालं. ते आधी मिळालं असतं तर मी विकल्या नसत्या, असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. तरी विकल्या असत्या. दुआत माझं नाव आहे हे वाचलं आणि पत्र उशीखाली ठेवलं, मग तिथून काढून दुकानात ठेवलं, मग बॅगेत. कुठेच ठेववेना. आणि त्या पत्राला मी उत्तर म्हणून बर्फ आणि ट्रकांची रांग लिहिली.

दुसरा कंटेनर लांबला. खरंच लांबला, पण आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? जुलैच्या सुरुवातीला येतोय. त्यातल्या आठ तुमच्या. हेल्मेट, सुटे भाग, हवा भरायचा पंप सगळं माझ्याकडून. एर्मेकला म्हणावं, माझ्या थोबाडीत मारायला ये, पण मॉस्कोला जाऊ नकोस. आठ-दहा दिवस. मी पाया पडतो त्याच्या.

मला शिव्या घाला मामा, पण लिहा.

तिलेक


बिश्केक, ११ जुलै

मामा,

तुमचं उत्तर नाही. जोलदोशला दर खेपेला विचारतो, तो मान हलवतो आणि नजर चुकवतो. तुम्ही माझं नाव टाकलंत असं समजतो. ते माझ्या कर्मानं झालं.

आज त्याच्याबरोबर आठ सायकली पाठवतोय. गाडीत मी स्वतः चढवल्या. ताईत नाहीत. मामीकडे पुन्हा मागायची हिंमत झाली नाही.

पुढच्या महिन्यात आईच्या नावानं कुराण वाचायला तुमच्याकडे येऊ का? तिचा भाऊ तुम्हीच आहात. नको म्हणालात तर नाही येणार.

तिलेक


जिर्गलान, ३ ऑगस्ट

तिलेक बाळा,

सायकली मिळाल्या. आठही ठीक आहेत. दांडीला टेकवून ठेवल्यात.

मी लिहिलं नाही ते रागानं नाही. मला दोन गोष्टी जमत नव्हत्या. एक, तुला खरं सांगणं. दुसरी, गावाला खरं सांगणं. आता दोन्ही केल्या, म्हणून लिहितोय.

एर्मेक गेला. अल्मातीचे पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मे संपून वर कितीतरी दिवस झाले होते, तरी तो माझ्या शब्दाखातर बसला होता. मी तुला 'एर्मेक बरा आहे' लिहिलं तेव्हा तो मॉस्कोला पोचला होता. तू त्याच्या पाया पडत होतास ते पत्र मी एकट्यानंच वाचलं. मी दारात आडवा येणार नाही असं म्हणालो होतो, आणि खरंच आलो नाही. तुझी मामी आली. तिला त्यानं हळूच बाजूला केलं.

तिथे तो घरोघरी जेवण पोचवतो. पाठीवर मोठी चौकोनी पेटी असते. कंपनीनं सायकल दिलीय. गिअर नाहीत, ब्रेक खराब, पण तिथे सगळं सपाटच आहे, असं तो म्हणतो. फोनवर हसत होता म्हणे. मला काय ऐकू येतंय.

गावात लोक विचारू लागले. अशारला आलेल्या प्रत्येकानं विचारलं. ते बरोबरच होतं, त्यांचे हात लागलेत त्या वाटेला. मी कालिक आक्साकालांच्या घरी गेलो, सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, पहिल्या आठ सायकली माझ्या भाच्यानं नेल्या.

आता नीट ऐक. भाच्यानं मामाच्या घरातून काही नेलं तर मामानं हिशोब मागायचा नसतो. आपल्या आज्या-पणज्यांपासून हेच चालत आलंय. भाचा घोडा आवडला म्हणाला तर लगाम त्याच्या हातात द्यायचा. मागून नेलं काय, न विचारता नेलं काय, तो त्याचा हक्क. मी एवढं म्हटल्याबरोबर सगळे हसले. 'भाचाच तो, नेणारच,' म्हणाले. कोणाचाही तुझ्यावर राग नाही. विषय तिथेच संपला. आता तुला कोणी, कधी, एक शब्दही बोलणार नाही.

तेव्हा भरपाई म्हणून जे पाठवलंस, हेल्मेटं, सुटे भाग आणि पंप, ते जोलदोशबरोबर परत येतंय. सायकली माझ्या ऑर्डरच्या होत्या, त्या ठेवल्या. भाच्यानं नेलेलं मामा परत घेत नाही. घेतलं तर नातं सावकारीचं होतं.

तुझ्या आईच्या, आमच्या गुलबुबूच्या नावानं कुराण वाचायला ये. विचारतोस काय? तुझं घर आहे.

मामा


बिश्केक, ३० ऑगस्ट

मामा, सलाम.

काल परत पोचलो. वाटेत तीनदा गाडी थांबवून परत फिरावंसं वाटलं, आणि दरवेळी फिरून करणार काय ते कळेना.

तुम्ही मला सगळ्यात वर, दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलंत. आक्साकालांच्या शेजारी! मामीनं माझ्या पाठीला दोन उशा लावल्या. मेंढ्याचा चांगला तुकडा माझ्या पुढ्यात आला. कालिक आक्साकालांनी दुआ दिली, माझ्या धंद्यात बरकत मागितली. जे लोक तुमच्याबरोबर दगड फोडत होते त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन विचारलं, 'बिश्केकला कसं काय, बेटा? दुकान चालतं ना?' चालतं, मी म्हटलं. खरंच चालतं मामा, अल्मातीच्या नावामुळे जोरात चालतंय. ते मला तिथे बोलता आलं नाही.

मी वाट बघत होतो. कोणीतरी एकानं तरी टोमणा मारावा, एखाद्या म्हाताऱ्यानं तोंड फिरवावं. मामी तरी काही बोलेल असं वाटलं. तिनं मला बोर्सोक बांधून दिले आणि कपाळाचा मुका घेतला. मी तुमच्या अंगणातून निघालो तेव्हा सायकली दांडीला टेकलेल्या होत्या. चाकांवर अजून कारखान्याचं प्लॅस्टिक होतं. खाली आणणारा कोणी नाही म्हणून पाहुणे घोड्यावरच जातात, हे मला शेजाऱ्यानं सांगितलं, तुम्ही नाही.

तुम्ही मला माफ केलंत असं सगळे समजतात. मला तसं वाटत नाही. माफ करायला आधी गुन्हा लागतो. तुम्ही माझा गुन्हाच काढून घेतलात. आता मी कोणाजवळ काय कबूल करू? मॉस्कोला एर्मेकला फोन केला, तर तोही म्हणाला, 'अरे सोड रे, तू भाचा आहेस.' मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. पुढचं जेवण पोचवायचंय म्हणाला आणि ठेवला.

एकच मागतो. भाचा म्हणून नाही मागत. पुढच्या वेळी मी आलो तर मला वर बसवू नका. मला खाली, दाराशी बसवा. मी चहा ओतीन, सगळ्यांच्या हातावर पाणी घालीन. तेवढं करा.

तुमचा,
तिलेक


जिर्गलान, ९ सप्टेंबर

तिलेक बाळा,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. दोनदा.

इथे थंडी पडायला लागली. वरची कुरणं रिकामी झाली, मेंढ्या खाली आल्या. वाट चांगली टिकलीय, पावसात कुठे खचली नाही.

तू येशील तेव्हा वरच बसशील. तुला काहीही वाटो. दाराशी घरचा धाकटा मुलगा बसतो, चहा ओततो, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालतो. ती जागा एर्मेकची आहे. ती तरी त्याची राहू दे.

मामा